चर्च ट्रेलरवर गेलं, रेनडियरची वाट कशी नेणार?

प्रणय, तुझं पत्र वाचलं. चंद्रपूरला मायनिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहेस, बाबा कोळसा खाणीत आहेत, किरुनाचं चर्च ट्रेलरवरून नेतानाचा व्हिडिओ पाहिलास आणि तेव्हापासून डोक्यात बसलंय की मास्टर्स करायचं तर स्वीडनलाच, कारण "तिथे लोकांना धड वागवून खाण चालवतात". घरचे म्हणतायत आधी इथली नोकरी बघ.

जा, नक्की जा. पण ते अवतरणातलं वाक्य अर्जात लिहू नकोस.

किरुना हे स्वीडनमधलं खाणीचं गाव आर्क्टिक सर्कलच्या वर आहे, तिथल्या लोखंडाचा थर तिरका होत गावाच्या पोटात शिरलाय, एलकेएबी ही सरकारी कंपनी खालून खनिज काढते तसा वरचा खडक ढासळत येतो आणि तडे गावाकडे सरकतात. म्हणून २००४ साली ठरलं की गावच हलवायचं. घरमालकाला बाजारभावावर २५ टक्के जास्त किंवा नवं घर, आपल्याकडे असं नुसतं ऐकलं तरी लोक रांग लावतील. ऑगस्ट २०२५ मध्ये ते १९१२ सालचं लाकडी चर्च, ६७२ टन, दोन दिवसांत ५ किलोमीटर नेलं, राजासुद्धा बघायला आला. आणि गंमत बघ, त्या चर्चचा आकार सामी लोकांच्या झोपडीवरून घेतलाय.

हे सामी तिथले मूळचे लोक, त्यातले बरेच रेनडियर पाळणारे. जानेवारी २०२३ मध्ये किरुनाजवळच पेर गेयर इथे १० लाख टनांहून जास्त रेअर अर्थ ऑक्साइड (इलेक्ट्रिक गाड्यांच्या मोटरींना लागणाऱ्या दुर्मिळ धातूंची संयुगं) असल्याचं जाहीर झालं, युरोपात आनंदीआनंद, आणि गाबना गटाचे सामी म्हणाले, आधीच्या खाणीने आमची वाट चिंचोळी केली, आता उरलेलीही जाणार. कळप उन्हाळ्यात डोंगरात आणि हिवाळ्यात खालच्या जंगलात, ये-जा त्याच पट्ट्यातून. त्या वाटेचा मोबदला कुठल्या बाजारभावाने काढणार सांग.

तुला हे समजायला स्वीडनला जायची गरज नाही खरं तर. माझ्या मावशीचं घर ओपनकास्ट, म्हणजे उघड्या खाणीजवळ होतं, दुपारी ब्लास्टिंग झालं की फडताळातले कप किणकिणायचे आणि मावशी बोलता बोलता हात लावून ते थांबवायची, मान वर न करता. पुढे गाव उठलं, घराचे पैसे मिळाले, पण गायरानाचं काय हे कुणी विचारलंच नाही, शेवटी तिने दोन्ही म्हशी विकल्या.

आता मुद्द्याचं. तिकडच्या खाणीत बरीच यंत्रं कंट्रोल रूममधून चालतात, तेव्हा नुसत्या मायनिंगवर जाऊ नकोस, रॉक मेकॅनिक्स धर, म्हणजे खडकावरच्या ताणाचा अभ्यास, सब्सिडन्स (जमीन खचणं) आणि भूकंपनाचं मोजमाप, १८ मे २०२० ला किरुनाच्या खाणीत ४.९ तीव्रतेचा भूकंपाचा धक्का बसला होता, हे काम जाणणारी माणसं लागतातच. लुलेओचं तांत्रिक विद्यापीठ त्याच पट्ट्यातलं, ते आधी बघ. फी मात्र आहे, युरोपबाहेरच्यांना माफ नाही, बाबांना आकडा आत्ताच सांग. स्वीडिश भाषा आजपासून, खाणीतल्या लोकांशी बोलायचं तर इंग्रजीवर भागत नाही.

घरच्यांचंही चूक नाही, एखाद वर्ष इथे काम केलंस तर अर्जाला वजनच येईल. मास्टर्सचे अर्ज साधारण जानेवारीच्या मध्यापर्यंत असतात. त्याआधी एक रविवार काढ, जवळच्या एखाद्या पुनर्वसित गावात जा, मोबदल्याचं विचारू नकोस, ते सगळेच विचारतात, गुरं आता कुठे चारता एवढंच विचार आणि जे ऐकशील ते एका पानात लिहून मला पाठव, अर्जातलं पत्र त्यावरूनच करू.