राहतं घर म्हणजे उत्पन्न?

प्रश्न : स्वतःच्या घरात राहणाऱ्या वृद्धांचं घर उत्पन्न धरून पेन्शन कमी करावी का? हातात तर काहीच पडत नाही.

उत्तर : वाचलेलं भाडं हा फायदा खराच, भाडेकरू वृद्धाला तेच पेन्शनमधून भरावं लागतं. पण बाजारभावाचं पूर्ण भाडं उत्पन्नात धरलं की गणित फसतं. घरपट्टी, विमा, दुरुस्ती, कर्जाचं व्याज आधी वजा व्हायला हवं. जुनं छत गळू लागलं की उरलेला आकडा शून्याखालीही जातो. शिवाय आजूबाजूचे भाव चढले की हे कागदी उत्पन्न वाढतं. औषधांचं बिल त्यातून भागत नाही. ऑस्ट्रेलियात पेन्शन ठरवताना राहतं घर मालमत्तेच्या हिशेबातून वगळतात आणि घर नसलेल्यांसाठी मालमत्तेची मर्यादा जास्त ठेवतात. आम्हाला हेच पटतं. भाड्याने दिलेली खोली मात्र उत्पन्नातच धरावी.