हॅश जुळला म्हणजे फाइल ओळखली गेली, निर्दोष ठरली नाही

डिस्कवरील फायलींचे हॅश (फाइलच्या आतील मजकुरावरून गणिताने काढलेली, बोटाच्या ठशासारखी खूण) एनएसआरएल या ज्ञात सॉफ्टवेअरमधील फायलींच्या हॅशच्या संचाशी ताडून पाहिल्यावर जुळलेल्या फायली सुरक्षित आणि न जुळलेल्या संशयास्पद मानाव्यात काय, असे आपण विचारले आहे. माझ्या मते दोन्ही गृहीतके सोडून द्यावीत.

अमेरिकेची एनआयएसटी ही संस्था हा संच प्रसिद्ध करते आणि एखादी फाइल कोणत्या सॉफ्टवेअरच्या कोणत्या आवृत्तीत आढळली, एवढेच तो सांगतो. हॅकिंगसाठी वापरली जाणारी किंवा चित्रात मजकूर दडवणारी साधनेही राजरोस वितरित होत असल्याने त्यांचे हॅशही त्यात सापडतात. म्हणून जुळलेल्या फायली डोळे झाकून वगळण्याआधी त्या कोणत्या उत्पादनाच्या नावावर नोंदल्या आहेत, हे पाहावे.

न जुळणे तर त्याहून कमी बोलके असते. एक बाइट बदलला तरी हॅश पूर्णपणे बदलतो. त्यामुळे लॉग, सेटिंगच्या फायली, वापरकर्त्याचे दस्तऐवज आणि संच निघाल्यानंतर आलेली अद्यतने सहसा जुळणारच नाहीत. झिप फाइलमधील घटकही आधी बाहेर काढल्याशिवाय ओळखता येत नाहीत. याउलट फाइलचे नाव हॅशमध्ये धरले जात नाही, म्हणून नाव बदलून ठेवलेला प्रोग्राम लगेच उघडा पडतो, आणि माझ्या दृष्टीने या पद्धतीचा खरा फायदा तोच आहे.

शून्य बाइटच्या फायली मात्र आधीच बाजूला काढाव्यात. आत काहीच नसल्याने अशा प्रत्येक फाइलचा एमडी५ (हॅश काढण्याची एक जुनी रीत) हॅश ‘डी४१डी८सीडी९८’ असाच सुरू होतो आणि अहवालात तिच्यासमोर भलत्याच उत्पादनाचे नाव झळकते.

एमडी५ वर अजून विसंबावे काय, ही आपली शंका रास्त आहे. एकच एमडी५ असलेल्या दोन वेगळ्या फायली २००४ मध्ये, तर एकच एसएचए-१ (हॅशची दुसरी रीत) असलेल्या दोन पीडीएफ २०१७ मध्ये तयार करून दाखवण्यात आल्या. तथापि तेथे दोन्ही फायली घडवणाऱ्याच्याच हाती होत्या. दुसऱ्याच्या, आधीपासून अस्तित्वात असलेल्या फाइलशी जुळणारी बनावट फाइल तयार करण्याची व्यवहार्य रीत एमडी५ साठीही ज्ञात नाही. त्यामुळे जुने संच प्राथमिक चाळणीला चालतात, परंतु नवे काम एसएचए-२५६ या अधिक भक्कम हॅशवरच करावे. संचाच्या नव्या आवृत्त्यांत तो उपलब्ध आहे.

अहवालात संचाची आवृत्ती अवश्य नोंदवावी, कारण आज अनोळखी ठरलेली फाइल पुढील आवृत्तीत ओळखली जाऊ शकते.