गिअरबॉक्सचा मेंदू ऐकतो कोणाचं?

प्रश्न : माझी ऑटोमॅटिक गाडी मधेच एका गिअरमध्ये अडकते. मेकॅनिक म्हणतो, मॉड्यूलला सिग्नल मिळत नाही. म्हणजे काय हो?

उत्तर : गिअरबॉक्सच्या मॉड्यूलला, म्हणजे गिअर बदलायचं ठरवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरला, स्पीड सेन्सरकडून थेट कळतं शाफ्ट किती फिरतोय ते, पण अ‍ॅक्सिलरेटर किती दाबलाय हे बहुतेक गाड्यांत इंजिनाचं मॉड्यूल कॅन बसवरून सांगतं, म्हणजे एकमेकींत पिळलेल्या दोन वायरी, मग गिअरबॉक्सचा हा मेंदू सोलेनॉइडला (करंटवर उघडझाप करणाऱ्या झडपेला) करंट देतो आणि गिअर पडतो. निरोप थांबले की तो घाबरून एकच गिअर धरून बसतो, लिंप मोड म्हणतात त्याला. नवीन मॉड्यूल घ्यायची घाई नको! आधी बॅटरी काढून त्या दोन वायरींमध्ये मीटर लावायला सांगा, साधारण 60 ओहम यायला हवेत, 120 आले तर एखादी वायर किंवा वायरींच्या टोकाचा रेझिस्टर (करंटला अडवणारा छोटा भाग) तुटलाय.