फोर्सिथियाला पानंच पानं, फुलं का नाहीत?

फोर्सिथिया म्हणजे थंड प्रदेशातलं, वसंतात पिवळ्या फुलांनी भरणारं शोभेचं झुडूप. तुमचं चार वर्षांचं, उंची डोक्याच्या वर, दर डिसेंबरात गोलसर छाटणी, तरी वसंतात फुलं दोन-चारच. म्हणून खत वाढवू का, असं तुम्ही विचारलंय. खत अजिबात नको. घोळ त्या डिसेंबरच्या छाटणीत आहे.

गुलाब-जास्वंदीवर हात बसलेल्या माणसाकडून हे हमखास होतं. ती झाडं नव्या फुटव्यावर फुलतात, म्हणून छाटलं की बहरतात. फोर्सिथिया (आपल्या जाई-जुईचाच भाऊबंद, एकाच कुळातला) फुलतो तो गेल्या वर्षीच्या फांदीवर. कळ्या आदल्या उन्हाळ्यातच धरायला लागतात आणि हिवाळाभर तशाच बसून राहतात. पानगळ झाल्यावर झुडूप म्हणजे नुसत्या काटक्या वाटतात, पण पेरांशी डोळे नेऊन बघा: टोकदार, फुगीर कळ्या, पुष्कळदा एकाच जागी दोन-तीन. डिसेंबरात तुम्ही नेमक्या याच कापून टाकता.

छाटायचं ते फुलं गळत आली की लगेच. तेही वरवर भादरायचं नाही. जुन्या, जाड, करड्या फांद्या निवडा आणि थेट जमिनीलगत कापा. दरवर्षी एकूण फांद्यांपैकी चौथा ते तिसरा हिस्सा. बुंध्यातून नवे सरळ फुटवे येतात, पुढच्या वर्षी फुलायचं काम त्यांचं. गोल आकार देण्याचा हट्ट सोडाच. टोकं कापली की तिथून खराट्यासारखी दाटी होते, आतल्या फांद्यांना ऊन मिळत नाही आणि खालचा भाग बोडका पडतो. या झुडपाची शोभा कमानीसारख्या झुकलेल्या फांद्यांत आहे, चेंडूच हवा असेल तर दुसरं काही लावा.

ऊन रोज किमान सहा तास हवं. शेजारी लॉन असेल तर तिथलं नत्रयुक्त खत याच्या मुळांशी जाऊ देऊ नका, नुसती पानं माजतात. माती कसलीही चालते, फक्त पाणी साचू नये.

आता थंडीचं. लाकूड चिवट असतं, पण नेहमीच्या संकरित जातींच्या फूलकळ्या उणे २५ अंशांच्या आसपास मरतात. मग बर्फाखाली झाकलेला खालचा भागच फुलतो. तुमच्याकडे असंच दिसत असेल तर कात्रीचा दोष नाही, जात बदला. ‘मेडोलार्क’ किंवा ‘नॉर्दर्न गोल्ड’च्या कळ्या जास्त थंडी सोसतात. शंका असेल तर एक कळी ब्लेडने उभी चिरा. आत हिरवट-पिवळं असेल तर जिवंत, तपकिरी-काळं असेल तर गेली.

यंदा डिसेंबरात कात्री लावूच नका. हिवाळा सरत आला की एक-दोन फांद्या तेवढ्या कापून घरात पाण्यात ठेवा. कळ्या धड असतील तर एक ते तीन आठवड्यांत उमलतील, आणि बाहेर काय होणार ते आधीच कळेल.