पुण्यात आल्यापासून केस गळताहेत, कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून मागे सरकलेत. वडिलांनाही टक्कल आहे. टँकरच्या पाण्यामुळे का? मिनॉक्सिडिल हे केस वाढवायचं औषध लावू का?

पाण्यामुळे नाही, कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून केस मागे सरकलेत आणि वडिलांनाही टक्कल आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे हे बहुधा आनुवंशिक आहे आणि मिनॉक्सिडिल लावून बघायला हरकत नाही. मी औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे, वाकड-हिंजवडीकडची मुलं टँकरला दोष देताना रोज ऐकतो. जड, म्हणजे क्षार जास्त असलेल्या पाण्याने केस राठ होतात, मधूनच तुटतात. मूळ मरत नाही. उशीवरचा केस उजेडात धरून बघा: टोकाला बारीक पांढरा ठिपका असेल तर तो मुळापासून गळलाय, नसेल तर तुटलाय. पुरुषांसाठी मिनॉक्सिडिलचं ५ टक्क्यांचं द्रावण, १ मिली, दिवसातून दोनदा, कोरड्या टाळूवर. केसांना चोपडायचं नाही, भांग पाडून कातडीला लावायचं. सुरुवातीच्या महिना-दीड महिन्यात गळती उलट वाढू शकते आणि तिथेच कित्येक जण घाबरून बाटली टाकून देतात. कृपा करून टाकू नका, जुने केस नव्यांना जागा करून देत असतात. निदान ४ महिने द्या. थांबवलंत की मिळवलेलं काही महिन्यांत जातं, हे धरूनच सुरू करा. मात्र २-३ महिन्यांपूर्वी डेंगी किंवा टायफॉइड झाला असेल, गोल चकत्या पडत असतील किंवा हृदयाचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा. तापानंतरची गळती बहुतेकदा आपोआप थांबते. आणि घरात मांजर असेल तर फार जपा, तिच्यासाठी हे औषध विष आहे.