वय वाढताना त्वचेसाठी नक्की काय लावावं? कोलेजन, पेप्टाइड, व्हिटॅमिन सी की रेटिनॉल?

तुमच्या यादीत कोलेजन क्रीम पहिल्या नंबरावर बघितली आणि हात शिवशिवले, म्हणून लिहितेय. वय ४८, कपाळावर आणि ओठांभोवती रेषा, गाल जरा सैल, आणि यातलं काय घ्यावं की सगळंच एकदम लावावं असं विचारलंय तुम्ही. माझं उत्तर एका ओळीत: दिवसा सनस्क्रीन, रात्री रेटिनॉइड (व्हिटॅमिन ए च्या घराण्यातली द्रव्यं, ट्रेटिनॉइन आणि रेटिनॉल त्यातलीच), बाकीचं सगळं हौस. आता कोलेजनचं, म्हणजे त्वचेला घट्ट धरून ठेवणाऱ्या प्रथिनाचं सांगते, कारण त्यावरून आमच्या घरात अजून धुसफूस चालू आहे.

माझ्या थोरल्या नणंदेचं पार्लर आहे. चांगलं चालतं, हातात कला आहे त्यांच्या, ते मी कधी नाकारलं नाही. पण पार्लर आहे म्हणजे कातडीबद्दल शेवटचा शब्द आपलाच, असं त्यांनी ठरवून टाकलंय आणि मी शाळेत केमिस्ट्री शिकवते, त्यामुळे आमचं काय होत असेल ते समजून घ्या. झालं असं की स्किनच्या डॉक्टरांनी मला ट्रेटिनॉइन सुरू करून दिलं होतं, ०.०२५ टक्क्यांचं, आणि सुरुवातीला जे बहुतेकांचं होतं तेच माझं झालं, नाकाच्या कडेला आणि हनुवटीवर पापुद्रे. नेमके तेव्हाच भाच्याच्या लग्नासाठी सगळे जमलेले. ताईंनी माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे फिरवलं, सगळ्यांसमोर, आणि म्हणाल्या, "बघा गं, केमिकल फासून काय करून घेतलंय हिने, पन्नाशीत कातडी आधीच पातळ, त्यात ही अजून सोलून काढतेय." आणि पर्समधून एक बरणी काढून माझ्या हातात ठेवली. कोलेजन क्रीम. "जे कमी झालंय तेच भरायचं असतं. साधी गोष्ट आहे."

साधी नाहीये. कोलेजन कमी होतं हे खरंच आहे, तरुणपण ओसरलं की वर्षाला साधारण १ टक्का, आणि पाळी गेल्यावर पहिल्या ५ वर्षांत तर जवळपास ३० टक्के, म्हणून तर आपल्याला अचानक एका वर्षात म्हातारं झाल्यासारखं वाटतं. पण ते कमी होतं आतल्या थरात. कोलेजनचा अख्खा रेणू साधारण ३ लाख डाल्टनचा (डाल्टन म्हणजे रेणूचं वजन मोजायचं माप), आणि धडधाकट त्वचेतून ५०० डाल्टनच्या वरचं सहसा आत शिरत नाही. हायड्रोलाइज्ड म्हणून विकतात ते तुकडे केलेलं असतं, पण तेही बहुतेक हजारांच्या घरात. गादी बसली म्हणून वरून कापूस कोणी फासत नाही. बरणीतलं कोलेजन पृष्ठभागावर ओलावा धरून ठेवतं, चेहरा दोन-चार तास टवटवीत दिसतो, म्हणजे ते एक बऱ्यापैकी मॉइश्चरायझर आहे, इतकंच. हे सगळं मी तिथल्या तिथे म्हणाले. ताई म्हणाल्या, "हे तुझ्या दहावीच्या वर्गात सांग." आणि माझा नवरा हसला. ताईंचं बोलणं मी कधीच सोडून दिलं असतं, पण ते हसणं काही डोक्यातून जात नाही.

बरं, "कातडी पातळ होते" हे जे आहे ना, ते तुम्हालाही कोणी ना कोणी ऐकवणारच, म्हणून नीट सांगते. पापुद्रे निघतात ते सगळ्यात वरच्या मेलेल्या थराचे. त्याच्या खालचा जिवंत थर ट्रेटिनॉइनने जाड होतो, आणि त्याहून आत नवीन कोलेजन बनायला लागतं, शिवाय आहे ते तोडणारी एन्झाइम्स दबतात. पातळ करतं ते स्टेरॉइड क्रीम, ते वेगळं प्रकरण, आणि पटकन उजळ करणाऱ्या काही मलमांत ते गुपचूप घातलेलं असतं, पण त्यावर कोणी हनुवटी धरून बोलत नाही.

आणि हे काही कालचं फॅड नाही. ट्रेटिनॉइन हे औषध मुळात मुरमांचं, अमेरिकेत १९७१ साली मान्यता मिळालेलं. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या आल्बर्ट क्लिगमन यांच्याकडे मुरमांसाठी ते लावणाऱ्या वयस्कर बायका सांगायला लागल्या की अहो, सुरकुत्या पण कमी झाल्यात, आणि त्यावरून १९८६ ला त्यांचा पेपर आला. (क्लिगमन माणूस म्हणून भयंकर, तुरुंगातल्या कैद्यांवर प्रयोग केले त्यांनी, वाचलं की संताप येतो, पण म्हणून रेणू काम करायचा थांबत नाही.) मग १९८८ मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या लोकांनी ३० जणांवर १६ आठवडे तपासलं, एका हाताला औषध आणि दुसऱ्या हाताला नुसतंच क्रीम. फरक पडला तो औषधाच्या हाताला. आणि आग, लाली, सोलवटणं हे तिथेही झालं होतंच! म्हणजे लग्नात माझ्या तोंडाचं जे प्रदर्शन मांडलं गेलं ते औषध लावण्याचा भाग होता, आणि बहुतेक बायका नेमक्या त्याच टप्प्यावर घाबरून ट्यूब फेकून देतात, वर चार जणींना सांगत सुटतात की मला नाही सूट झालं.

मी नाही फेकली. पुढे एका समारंभाचे फोटो आले तेव्हा ओठांवरच्या उभ्या रेषा बऱ्याच पुसट झालेल्या, गालावरचे उन्हाचे डाग फिके, नवऱ्यालाही दिसलं. ताई काय म्हणाल्या? "तुझी स्किन मुळातच चांगली आहे गं." आता यावर काय बोलणार! केमिकलने सोलली तेव्हा केमिकलचा दोष, आणि सुधारली तर जन्मजात.

असो. तुमच्यासाठी. ट्रेटिनॉइन डॉक्टरांकडूनच घ्या. ते नको असेल तर रेटिनॉल, त्याचं त्वचेत आधी रेटिनाल्डिहाइड आणि मग रेटिनॉइक ॲसिड बनतं, म्हणजे जिथे ट्रेटिनॉइन थेट पोचलेलं असतं तिथे हे दोन पायऱ्या चढून जातं, म्हणून सौम्य आणि हळू. पण काम करतं. २००७ चा एक अभ्यास आहे, सरासरी वय ८७ असलेल्या ३६ जणांच्या दंडाच्या आतल्या बाजूला ०.४ टक्के रेटिनॉल, आठवड्यातून जास्तीत जास्त तीनदा, २४ आठवडे, आणि बारीक सुरकुत्या कमी झाल्या. ८७ व्या वर्षी! तेव्हा ४८ ला उशीर झाला का वगैरे मनातही आणू नका. लेबलवर रेटिनिल पामिटेट असेल तर ते या घराण्यातलं सगळ्यात अशक्त मूल, त्यासाठी पैसे घालवू नका. लावायचं कसं, तर तोंड धुऊन पूर्ण कोरडं झाल्यावर वाटाण्याएवढं, आठवड्यातून दोन रात्रींपासून सुरू, चुरचुरलं तर आधी मॉइश्चरायझर आणि त्यावर हे. फरक दिसायला ३ ते ६ महिने. ज्याला महिन्याभरात रिझल्ट पाहिजे त्याने या भानगडीत पडू नये.

व्हिटॅमिन सी चांगलं आहे पण नखरेल. एल-ॲस्कॉर्बिक ॲसिडच हवं, १० ते २० टक्के, पीएच ३.५ च्या खाली, तरच आत जातं, २० च्या वर नेऊन फायदा वाढत नाही. व्हिटॅमिन ई आणि फेरुलिक ॲसिड सोबत असेल तर टिकतं जास्त. बाटलीतलं पाणी तपकिरी झालं की टाकून द्या. पेप्टाइड म्हणजे प्रथिनांचे छोटे तुकडे, त्यांचा पुरावा आहे पण किरकोळ, आणि त्यातला बराचसा विकणाऱ्यांनीच काढलेला. त्यापेक्षा नायासिनामाइड (व्हिटॅमिन बी३ चं एक रूप) बरं, ५ टक्के, सोसतंही बहुतेकांना.

आणि सनस्क्रीन नसेल तर वरचं सगळं विसरा. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधल्या नाम्बूर गावात ५५ च्या आतल्या ९०३ लोकांवर साडेचार वर्षं बघितलं, निकाल २०१३ ला आला: रोज लावणाऱ्यांची त्वचा मनात येईल तेव्हा लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्के कमी वयस्कर झाली, तेही साध्या एसपीएफ १५ प्लसने. घरातच असते, मला कशाला, हे सांगू नका, यूव्हीए, म्हणजे उन्हातले त्वचा म्हातारी करणारे किरण, काचेतूनही येतात. २८ वर्षं ट्रक चालवलेल्या एका ६९ वर्षांच्या माणसाचा फोटो २०१२ साली मेडिकल जर्नलमध्ये छापून आला होता, खिडकीकडचा अर्धा चेहरा बापाचा आणि उरलेला अर्धा मुलाचा वाटावा असा. तो फोटो मी ताईंच्या मुलीला दाखवला, तिशीच्या आतली आहे, तेव्हापासून ती पोरगी सनस्क्रीन लावल्याशिवाय बाहेर पडत नाही, आणि ताईंचं म्हणणं आता असं की मी त्यांच्या मुलीला भडकवते. भडकवते तर भडकवते. तुमच्या घरातही असं कोणी असेल तर वाद घालू नका, एवढंच विचारा की एका हाताला लावून दुसऱ्या हाताशी कुणी ताडून बघितलंय का. आमच्याकडे या प्रश्नाचं उत्तर अजून आलेलं नाही.

हां, राहिलंच. गरोदर असाल, तसा विचार असेल किंवा बाळाला पाजत असाल तर रेटिनॉइड नको, ४८ ला हे लिहावं का असं वाटलं पण वाचणाऱ्या सगळ्या ४८ च्या नसतात. एक्झिमा किंवा रोझेशिया (चेहरा लाल पडण्याचा आजार) असेल तर आधी डॉक्टर. सगळं एकदम लावू का, तर नाही, एक नवीन वस्तू महिनाभर लावून बघा, मग दुसरी, आणि ग्लायकोलिक ॲसिड (वरचा मेलेला थर काढणारं) व रेटिनॉइड एकाच रात्री तर नकोच, नाहीतर आग कशाने झाली तेही कळणार नाही. कोलेजनची बरणी आधीच घेतली असेल तर फेकू नका, रेटिनॉइडवर मॉइश्चरायझर म्हणून संपवा, मी पण तेच केलं. आणि गाल सैल झालेत म्हणता त्याला मात्र कुठल्याच क्रीमने फारसं काही होत नाही, माझ्याही नाही, आत चरबी आणि हाडंसुद्धा सरकलेली-झिजलेली असतात. त्यासाठी लेझर, रेडिओफ्रीक्वेन्सी, फिलर असलं काय काय असतं, ते डॉक्टरांनाच विचारा.