गरम झाला की अडून बसणारा चेनसॉ

प्रश्न : माझ्याकडे 58 सीसीचा चेनसॉ आहे. सकाळी तीन-चार वेळा दोरी ओढली की सुरू होतो, टाकी संपेपर्यंत चालतो. पेट्रोल भरायला बंद केला की मात्र अर्धा तास दाद देत नाही. थंड झाला की पुन्हा ठीक. प्लग नवा टाकला, एअर फिल्टर धुतला. मेकॅनिक कार्ब्युरेटर बदला म्हणतो. बदलू का?
– एक बागायतदार, सिंधुदुर्ग

उत्तर : इतक्यात नको. हा बिघाड मशीन गरम असतानाच सापडतो. दुकानात पोचेपर्यंत ते थंड होतं आणि मग अंदाजाने भाग बदलले जातात. म्हणून मशीन अडलं की तिथेच, बागेत तपासा. हातमोजे घाला, सायलेन्सर चांगलाच पोळतो.

प्लग काढून टोक बघा. ओलं असेल, पेट्रोलचा वास येत असेल, तर मशीन ओव्हर झालंय, म्हणजे आत पेट्रोल जास्त झालंय. बहुतेक वेळा कारण एकच : गरम मशीनला चोक दिला जातो. तापलेल्या इंजिनात पेट्रोलची वाफ आपोआप होते, त्यात चोकने हवा अडवली की पेट्रोल जास्त होतं. स्विच बंद ठेवून, प्लग बाहेर असतानाच पाच-सहा वेळा दोरी ओढा. प्लग पुसून लावा, चोक पूर्ण उघडा, थ्रॉटल अर्धा अडकवा आणि स्विच चालू करून ओढा. मशीन जमिनीवर, चेन ब्रेक लावलेला, मागच्या मुठीत पाय. हातात लोंबकळत ठेवून ओढायची सवय असेल तर ती आजच सोडा.

टोक कोरडं ठाक असेल तर पेट्रोल पोचत नाही. टाकीच्या झाकणाचं हवेचं छिद्र बुजलं की असं होतं, पण तुमच्या बाबतीत ते कारण वाटत नाही. पेट्रोल भरायला झाकण उघडलं तेव्हाच टाकीत हवा गेली असणार. इथे कार्ब्युरेटर तापून नळीत वाफ अडकण्याची शक्यता जास्त. प्राइमरचा फुगा सात-आठ वेळा दाबा, म्हणजे टाकीतलं थंड पेट्रोल वर येईल. फुगा नीट भरत नसेल तर टाकीतला फिल्टर आणि नळीला गेलेली चीर बघा. शिवाय वरचं कव्हर काढून सिलिंडरच्या पात्यांतला भुसा साफ करा. तेलकट भुशाचा थर बसला की आतली उष्णता बाहेर पडत नाही. काम थांबवताना मशीन मिनिटभर आयडलवर चालू द्या, पंख्याची हवा लागते.

पेट्रोल ठीक असेल तर ठिणगी. प्लगच्या छिद्रावर फडकं ठेवा, प्लग टोपीत बसवून त्याचा धातू छिद्रापासून लांब, सिलिंडरला टेकवा आणि स्विच चालू ठेवून दोरी ओढा. थंडपणी निळी ठिणगी आणि गरम असताना काहीच नाही, तर इग्निशन कॉइल गेली. तापल्यावर तिच्या आतली बारीक तार तुटक होते. नवी बसवताना कॉइल आणि चुंबकाच्या चाकात 0.3 मिमी फट ठेवा. व्हिजिटिंग कार्ड मध्ये घालून स्क्रू आवळले की काम होतं.

राहिलं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब. प्लग लावून दोरी हळू ओढा. सकाळी घट्ट लागणारी दोरी गरम झाल्यावर सैल येत असेल, तर सायलेन्सर काढून त्या तोंडातून पिस्टन बघा. उभे ओरखडे दिसले की नवा कार्ब्युरेटर म्हणजे पैसे पाण्यात.

प्रश्न : एक लिटर पेट्रोलला टू-टी ऑइल किती?

उत्तर : माहितीपुस्तिकेत 50:1 असेल तर 20 मिली, 25:1 असेल तर 40 मिली. बाटलीच्या झाकणाने मोजू नका. औषधाची 10 मिलीची सिरिंज घ्या. इथेनॉलमिश्रित पेट्रोल हवेतला ओलावा ओढतं, तेव्हा महिन्याभरात संपेल एवढंच मिसळा.